तोडीची फाइल, वणव्याची फाइल

माननीय वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



15 फेब्रुवारी ते 15 जून हा आपल्या खात्याच्या लेखी आगीचा हंगाम. त्याच्या आधी काय काय होतं हे आम्हा डोंगरात फिरणाऱ्यांना आता पाठ झालं आहे. जाळरेषा काढल्या जातात, हंगामी मजूर नेमले जातात, घाटाच्या तोंडाशी फलक रंगवले जातात आणि वर्तमानपत्रांत आवाहन येतं, की पर्यटकांनी चुली पेटवू नयेत, विडी-सिगारेटची थोटकं टाकू नयेत. आवाहन योग्यच आहे. गडावर चूल मांडून ती धुमसती सोडून उतरणाऱ्या मंडळींबद्दल मला काडीचीही सहानुभूती नाही. पण या साऱ्या तयारीत एक प्रश्न कुठेच दिसत नाही: या डोंगरावर गेल्या दोन-तीन वर्षांत लाकूडतोड कुठे झाली? तोडीचा परवाना एका फायलीत असतो, वणव्याचा पंचनामा दुसऱ्या फायलीत, आणि ट्रेकिंगचं काय करायचं हा विषय 2021 च्या साहसी पर्यटन धोरणापासून पर्यटन खात्याच्या टेबलावर. डोंगर मात्र एकच आहे. या तिन्ही फायली एका दोरीने बांधाव्यात, एवढ्याच मागणीसाठी हे पत्र.

मालकी रानाची तोड कशी होते ते आपल्याला नव्याने सांगायला नको. तरी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. दिवाळी उरकली की ठेकेदार येतो आणि अख्ख्या डोंगराचा उक्ता सौदा करतो. जेसीबी लावून गाडीरस्ता काढला जातो. ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा, जे उभं असेल ते आडवं होतं. खोडं आणि मनगटाएवढ्या जाडीपर्यंतच्या फांद्या ट्रकवर चढतात. जळाऊ लाकूड वीटभट्टीला जातं, काही कोळशाच्या भट्टीला, आणि खैर असेल तर तो काताच्या कारखान्याची वाट धरतो. मागे राहतो तो टाहाळ: शेंडे, डहाळ्या, पाला, सालपटं. तो उचलण्यात कोणालाच दमडी मिळत नाही, म्हणून तो उतारावर जिथे पडला तिथेच राहतो. गाडीरस्त्याच्या कडेला तर त्याचे छातीएवढे ढीग असतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पडलेला हा टाहाळ वाळून कोळ होतो, तो नेमका आपला आगीचा हंगाम सुरू होतो तेव्हा.

पण टाहाळ ही पहिल्या वर्षाची गोष्ट झाली. खरं नुकसान सावली गेल्याने होतं आणि ते कळायला दोन पावसाळे जातात.

घाटमाथ्यावरच्या दाट रानात मार्चच्या दुपारी शिरून बघा. बाहेर माळ तापलेला असतो, आत पाचोळ्याचा वरचा थर कुरकुरतो, पण काठीने उकरला की खालचा थर ओलसर लागतो. ऊन जमिनीपर्यंत पोचतं ते कवडशांपुरतं. वारा आत शिरत नाही. अशा रानाच्या कडेला आग आली तरी ती पाचोळ्यावरून गुडघ्याखालून सरपटते आणि बरेचदा आपोआप विझते. झाडं काढली की ऊन थेट मातीवर येतं, वारा मोकळा होतो आणि पहिल्याच पावसात तिथे गवत माजतं. गवताच्या बरोबर येते रानमोडी. दुसऱ्या पावसाळ्याअखेर ती माणसाच्या डोक्यावरून जाते, जानेवारीत फुलते, मार्चपर्यंत तिच्या काड्या होतात. आता याच उतारावर ठिणगी पडली तर आग सरपटत नाही, धावते. आणि चढाच्या दिशेने ती उताराच्या कितीतरी पट वेगाने धावते, कारण वरचं गवत ज्वाळांच्या धगीनेच आधी वाळून तयार असतं.

ऐन, किंजळ ही सोशिक झाडं आहेत. खुंटातून त्यांना फुटवा येतो. तसंच राहू दिलं तर दहा-पंधरा वर्षांत रान पुन्हा उभं राहू शकतं. वणवा ते होऊ देत नाही. फुटवे कोवळे असताना जळतात, पुढल्या पावसात पुन्हा येतात, पुन्हा जळतात. गवत मात्र दरवर्षी नव्या दमाने येतं. 'जाळलं की पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं' असं गावोगाव ऐकायला मिळतं. हिरवं लवकर दिसतं हे खरं, पण जाळून जाळून डोंगरावर शेवटी कुसळी उरते आणि ती वाळल्यावर जनावरं तोंड लावत नाहीत. रानाचा असा माळ झाला की मग त्याला 'अवनत वनक्षेत्र' म्हणायचं आणि तिथे लागवडीचा कार्यक्रम घ्यायचा. ती रोपंही पुढच्या मार्चमध्ये जळतात. आपल्याच खात्याच्या लागवडी किती वेळा जळल्या याचा हिशेब आपल्याकडे असेल.

याच्या उलट चित्र बघायचं तर फार लांब जावं लागत नाही. कोकणातल्या कुठल्याही जुन्या देवराईच्या कडेला एप्रिलमध्ये उभं राहावं. एका बाजूला काळा पडलेला उतार, दुसऱ्या बाजूला हिरवी भिंत, आणि मधली रेघ सुरीने कापल्यासारखी. पाऊस तोच, माती तीच, चढही तोच. मी एका ठिकाणी त्या काळ्या बाजूने चालत गेलो. राखेत बोटाच्या पेराएवढ्यापासून लिंबाएवढ्यापर्यंतचे पांढरे ठिपके विखुरलेले होते. उचलून पाहिले तर गोगलगाईंचे शंख, आतला जीव करपून गेलेला. पावसाळा संपला की या गोगलगाई मातीच्या वरच्या थरात तोंड मिटून पडून राहतात. पक्षी उडतात, भेकर पळतं. यांनी कुठे जायचं? आपल्या पंचनाम्यात 'जळालेले क्षेत्र – हेक्टर, नुकसान – गवत व पालापाचोळा' एवढंच लिहिलेलं असतं. जाता जाता एक सूचना: तो रकाना बदला.

आता दोष कोणाचा? बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात, यात वाद नाही. कोणी शिकारीसाठी लावतो, कोणी गवतासाठी, कोणी मस्तीत. कोकणात भातासाठी दाढ भाजतात, तिथूनही आग डोंगरात जाते आणि मग सगळं खापर शेतकऱ्यावर फुटतं. भाजवळ ही पिढ्यान् पिढ्यांची पद्धत आहे. तीही झाडांच्या कवळावर, म्हणजे तोडलेल्या डहाळ्यांवरच चालते, तेव्हा ती निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. पण पूर्वी वरकस जमिनीच्या वर सावलीचं रान असायचं आणि निसटलेली आग त्याच्या कडेला मंदावायची. आज शेताच्या बांधापासून थेट कड्यापर्यंत वाळकं गवत आणि रानमोडी आहे. काडी लावणारा हात तोच आहे, पण आता ती काडी अख्खा डोंगर खाते. हात पकडणं अवघड असतं. डोंगरावर वाळकं सरपण किती पसरू द्यायचं हे मात्र परवाना देणाऱ्याच्या हातात असतं, आणि परवाना आपलं खातं देतं.

सिंधुदुर्गाचं उदाहरण घेऊ. दोडामार्ग-सावंतवाडीच्या पट्ट्यात रबर आणि अननसासाठी डोंगरच्या डोंगर साफ झाले. आधी तोड, मग साफसफाईच्या नावाखाली आग, मग लागवड. 2013 साली मुंबई उच्च न्यायालयाने या दोन तालुक्यांत वृक्षतोडीला बंदी घातली. बंदीनंतरही तोड चालूच राहिली. 2024 च्या मार्चमध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला, की या पट्ट्यातली 25 गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित करा. हा वाघ-हत्तींचा जाण्या-येण्याचा मार्ग आहे, त्याला लागून गोव्याचं म्हादई अभयारण्य. त्याच म्हादईत 2023 च्या मार्चमध्ये आग लागली, दहा दिवसांहून जास्त धुमसत राहिली. हवाई दलाच्या आणि नौदलाच्या हेलिकॉप्टरमधून पाणी टाकावं लागलं. सदाहरित रानांच्या मुलखात हेलिकॉप्टर बोलवायची वेळ आली, ही बातमी आपल्या बाजूला नीट पोचलीच नाही असं मला वाटतं. वनस्पतींना आणि आगीला राज्याची हद्द कळत नाही हे काही मी सांगायला नको.

ट्रेकिंगचा मुद्दा इथे येतो. 11 मार्च 2018 ला तमिळनाडूत तेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरावर ट्रेकर्सचा गट वणव्यात सापडला. वीसहून अधिक जीव गेले, त्यात बहुतेक तरुण मुलं-मुली. उतारावर वाळलेलं गवत होतं, वारा होता आणि पळायला जागा नव्हती. आपल्याकडे ती बातमी दोन दिवस चालली आणि विरली. सह्याद्रीत असं व्हायला काय लागतं याचा विचार केला की माझ्या अंगावर काटा येतो. आपल्या गडांच्या वाटा अरुंद नाळेतून चढतात. दोन्ही बाजूंना कातळ, मध्ये घळ. खालच्या पदरात गवत पेटलं तर धूर आणि धग त्याच घळीतून वर जाते. वर कडा, खाली आग. पूर्वी या पदरात झाडी होती. भर दुपारी तिथे सावलीला थांबून लोक पाणी प्यायचे. आता अनेक ठिकाणी तोडीचा गाडीरस्ता वाटेला आडवा छेदून गेला आहे, खुणेची झाडं गेली, आणि नवखा माणूस त्या गाडीरस्त्याने भरकटत गवताळ उताराच्या मधोमध जाऊन पोचतो. वणवा आला तर तीच सगळ्यात वाईट जागा.

2025 च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यातले 11 आपल्या राज्यात आहेत. साल्हेर, राजगड, रायगड, प्रतापगड, लोहगड त्यात आले. ढोल वाजले, सेल्फी निघाले. किल्ल्याचा वारसा म्हणजे तट-बुरुज एवढंच का? घेऱ्यातलं रान त्या किल्ल्याच्या रचनेचाच भाग होतं. झाडं राखायला सांगणाऱ्या आज्ञापत्राचा दाखला मी मुद्दाम देत नाही, तो प्रत्येक भाषणात असतोच. पण गर्दी वाढणार हे उघड आहे. ती वाढत असताना त्या गडांच्या घेऱ्यात, मालकी आणि वनजमिनीवर, तोड किती झाली आणि वणवे किती लागले याचा एकत्र नकाशा मला कुठे पाहायला मिळाला नाही.

वणव्याची भीती म्हणून उन्हाळ्यात डोंगरच बंद करून टाकणं हा एक उपाय असतो. तमिळनाडूने कुरंगणीनंतर 2018 मध्ये ट्रेकिंगचे नियम केले आणि पुढे 2024 मध्ये 40 वाटांची ऑनलाइन नोंदणी सुरू केली. वणव्याच्या दिवसांत या वाटा बंद ठेवतात. मला ही पद्धत मुळीच वाईट वाटत नाही; आमच्यातले काही जण यावर नाकं मुरडतील, मुरडू देत. पण त्यात एक मेख आहे. वाट बंद केली की डोंगरावर डोळे उरत नाहीत. धूर दिसल्यावर पहिला फोन करणारा बरेचदा ट्रेकर किंवा गुराखीच असतो. ओल्या डहाळ्या तोडून आग झोडपणाऱ्यांतही गावकऱ्यांच्या जोडीला हीच पोरं असतात. त्यांना बाहेर ठेवायचं आणि तोडीचा ट्रक मात्र पास दाखवून त्याच रस्त्याने जाऊ द्यायचा, असं होऊ नये.

आपल्याकडे कोणी अधिकारी परदेशी दौऱ्याहून परत येऊन सांगेल, की अमेरिकेत तर वणवे रोखण्यासाठीच जंगल विरळ करतात, आणि तिथल्या अध्यक्षांनी 2025 च्या मार्चमध्ये लाकूड उत्पादन वाढवण्याचा आदेश काढताना वणव्याचंच कारण दिलं. ते खरं आहे. पण कॅलिफोर्नियातली कोरडी पाइनची रानं मूळचीच आगीशी जुळवून घेतलेली आहेत. तिथे खालची बारीक झाडोरी काढून वर नियंत्रित आग फिरवली तर मोठ्या वणव्याची धार बोथट होते. मोठी झाडं राखून काढलेली ती झाडोरी असते. सरसकट तोडीने तसं होत नाही. ओरेगॉनमध्ये 2013 साली लागलेल्या डग्लस कॉम्प्लेक्स वणव्याचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आढळलं, की तोड करून एकसाथ लावलेली खासगी कंपन्यांची कोवळी रानं शेजारच्या सरकारी जुन्या रानांपेक्षा अधिक भयंकर जळाली. आपलं रान तर जातीनेच ओलं. त्याला विरळ करून वणव्यापासून वाचवायचं म्हणजे छप्पर काढून घर गळण्यापासून वाचवण्यासारखं आहे.

मग तोड बंदच करायची का? नाही, आणि इथे माझं काही पर्यावरणवादी मित्रांशीही पटत नाही. कोकणातल्या माणसाला ते रान म्हणजे अडीअडचणीचा पैसा आहे. मुलीचं लग्न, म्हाताऱ्याचं ऑपरेशन, घराची कौलं, असं काहीतरी निघालं की तो ठेकेदाराला बोलावतो. ठेकेदार पडेल भावात डोंगर उचलतो, हे त्यालाही कळत असतं. 1964 च्या वृक्षतोड कायद्यात दंड होता हजार रुपयांपर्यंत. 2024 च्या ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळाने तो 50 हजार करायचं ठरवलं आणि कोकणातून ओरड झाली. ओरड करणारे सगळेच काही लाकडाचे व्यापारी नव्हते. दोन फणस तोडणाऱ्या शेतकऱ्याला 50 हजारांची धास्ती बसते. शंभर एकर साफ करणारा कागद रंगवून मोकळा होतो. दंडाचा आकडा फुगवून रान वाचत नाही. परवान्यात अटी काय आहेत आणि तोड झाल्यावर कोण जाऊन बघतं, यावर ते ठरतं. माझ्या ओळखीच्या एका गावात तोडीनंतर टाहाळ उचलला का, हे पाहायला कोणीही आलं नाही. वणवा लागल्यावर मात्र नोटीस आली, तीही आग विझवायला गेलेल्या पोरांना जबाबासाठी. कुठलं गाव ते सांगत नाही, कारण अशी गावं पुष्कळ आहेत.

लोकांवर विश्वास टाकला तर काय होतं याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला 2012 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, हजार हेक्टरच्या आसपास. तेंदूपत्ता हे त्या भागातलं हमखास रोख उत्पन्न. पण चांगल्या पानांसाठी तेंदूची छाटणी होते आणि आगी लावल्या जातात, म्हणून ग्रामसभेने तेंदू तोडायचाच नाही असं ठरवलं. बांबूवर भिस्त ठेवली आणि त्याचे नियम स्वतः घालून घेतले. तोड आणि आग यांचं नातं त्या गावाने आपल्या खात्याआधी ओळखलं. साताऱ्याजवळ कास पठारावर गावांच्या समित्या प्रवेशशुल्क घेतात आणि पठाराची राखण करतात. त्यात भांडणं आहेत, गर्दीचे प्रश्न आहेत, तरी फुलांचा हंगाम हे गावाचं उत्पन्न आहे एवढं पक्कं झालं. उभ्या डोंगराचे पैसे गावाला मिळाले तर आडव्या डोंगराचा सौदा लांबतो. घेऱ्यातल्या मालकी रानाच्या मालकांना असा वाटा का मिळू नये? गडाखालच्या वाहनतळाचे पैसे कोणाच्या खिशात जातात, हे एकदा तपासून बघा.

मागण्या फार नाहीत. तोडीच्या प्रत्येक परवान्यात अशी अट घाला, की 15 फेब्रुवारीच्या आत टाहाळ उतारावरून उचलला किंवा जमिनीलगत पसरून दाबला गेला पाहिजे, आणि तसं झाल्याशिवाय ठेकेदाराची अनामत परत मिळणार नाही. गडवाटा, झरे आणि देवराया यांच्या दोन्ही अंगांना झाडांचा पट्टा उभा ठेवा. किती रुंद ते तज्ज्ञांनी ठरवावं, पण शून्य नसावा. हंगामी वणवा मजुरांना मजुरी पावसाळ्याआधी द्या, गणपतीत नको. आणि सगळ्यात सोपं: भारतीय वन सर्वेक्षणाकडून आपल्या कर्मचाऱ्यांच्या मोबाइलवर उपग्रहाने टिपलेल्या आगीची सूचना येते, 375 मीटरच्या चौकटीपर्यंत बारीक. ती आग लागल्यावर येते. आग कुठे लागू शकते ते तोडीच्या परवान्यांवरून आधीच कळतं, कारण प्रत्येक परवान्यावर गट नंबर असतो. हे दोन नकाशे एकावर एक ठेवायला कुठलीही निविदा काढावी लागणार नाही.

सगळ्या राज्यात एकदम करा असं मी म्हणत नाही. संगमेश्वर, महाड, शाहूवाडी, यांपैकी एक तालुका घ्या. गेल्या तीन वर्षांचे परवाने आणि गेल्या तीन वर्षांचे वणवे एका नकाशावर आणा आणि तो वनपरिक्षेत्र कार्यालयाच्या बाहेरच्या भिंतीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा लावा. त्यातून माझं म्हणणं खोटं ठरलं तर तेही त्याच भिंतीवर दिसेल. येत्या 15 फेब्रुवारीच्या आधी हे होणार की नाही, एवढं एका ओळीत कळवलंत तरी पुरे. तालुका कोणता ते सांगितलंत तर वाटा आणि गाडीरस्ते नकाशावर टिपून द्यायला आमच्यातले दहा-बारा जण आपल्या वनरक्षकांबरोबर पदरमोड करून फिरतील.

कळावे,

आपला,
सह्याद्रीत हिंडणारा एक नागरिक